भरदुपारची समई

दिवाळखोर ठरलेल्या माणसाला निवडणुकीला उभं राहता येत नाही. या विषयावर मला जे जे सांगण्यात आलं त्यातलं एवढं एकच पहिल्या फटक्यात खरं निघालं, आणि तेही माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. मी रेल्वेच्या हिशेब खात्यातला कारकून. मला पंख्याखालची खुर्ची मिळवण्याच्या निवडणुकीतसुद्धा कधी यश आलेलं नाही.

तर चौऱ्याहत्तर साली मला दिवाळखोर व्हायचं होतं. हौस म्हणून नव्हे. त्या वर्षी मी कलकत्त्यातल्या समस्त मराठी कुटुंबांना हापूस खाऊ घालायचं ठरवलं होतं. नागपूरहून बदली होऊन गार्डन रीचच्या कचेरीत आल्यापासून हिमसागर आंब्याची स्तुती ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पन्नास पेट्या मागवायच्या, थोड्या मराठी घरांत द्यायच्या, उरलेल्या बंगाली शेजाऱ्यांना विकून त्यांचं कायमचं तोंड बंद करायचं, असा बेत होता. पेट्या रत्नागिरीहून रेल्वेनं निघाल्या आणि मे महिन्यात रेल्वेचा देशभर संप झाला. संपावर मीही होतो. माझे आंबे कुठल्याशा आडबाजूच्या स्टेशनात उन्हात कुजत होते आणि मी इकडे मूठ उंचावून घोषणा देत होतो. संप मोडल्यावर पेट्या आल्या. त्या उघडायला कोणी धजलं नाही.

पैसे दोघांकडून घेतले होते. सातशे रुपये आगासाहेबांचे. ते काबूलचे, उंच, पांढऱ्या पागोट्याचे, दर एक तारखेला आमच्या कचेरीच्या फाटकाशी काठी टेकून उभे असायचे. आणि अठराशे रुपये मंदाकिनीबाईंचे. मंदाकिनीबाई बालीगंजला एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ते अठराशे त्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे होते. "थंडी पडली की डोळे काढून घेईन म्हणते. तोवर वापर," असं म्हणून त्यांनी ते मला दिले होते. ऑक्टोबर लागला. थंडी जवळ आली. माझ्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, शिवाय तीन महिन्यांचं भाडं थकलेलं होतं. बाईंच्या गल्लीच्या वाटेला जायचं मी टाळायला लागलो होतो आणि याची मला लाज वाटत होती.

अशा वेळी दिवाळं काढणं हा सभ्य मार्ग आहे असं मला कोणी सांगितलं ते आठवत नाही. पण एकदा मी तो शब्द उच्चारला आणि मग सल्ल्यांना काही तोटा राहिला नाही. आमचे घरमालक नीलरतनबाबू वरच्या मजल्यावर राहायचे. ते म्हणाले, कोर्टाचा माणूस येतो आणि बायकोच्या अंगावरचा दागिना अंगावरूनच उतरवून घेतो. कचेरीतला माझा शेजारी गुरुदत्त म्हणाला, नोकरी जाते, पेन्शन जातं, आणि पुढल्या सात पिढ्यांना कोणी उधार देत नाही. मला एकही मूल नसल्यानं सात पिढ्यांची चिंता मी मनावर घेतली नाही, पण दागिन्यांचं माझ्या बायकोनं, वृंदानं, घेतलं.

मी हायकोर्टात गेलो. तिथल्या एका भल्या माणसानं आम्ही राहायचो ते बेहाला त्यांच्या हद्दीत येत नाही, अलीपूरला जा असं सांगितलं. अलीपूरला झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेला एका वकिलाचा मुहुरी, म्हणजे कारकून, भेटला. चष्म्याची एक काडी सुतानं बांधलेली, कानावर पेन्सिल. त्यानं बंगाली वळणाच्या हिंदीत मला शांतपणे सगळं सांगितलं. तुरुंग बिरुंग काही नाही. बायकोचे दागिने बायकोचे. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी कोणी नेत नाही. नोकरी आपोआप जात नाही, मात्र साहेबाला लेखी कळवावं लागतं.

"और खर्चा?" मी विचारलं.

"स्टाम्प, टाइप, वकीलबाबू, सब मिलाके तीन सौ."

"तीन सौ होता तो मैं इधर काहे को आता?"

त्यानं कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानावर ठेवली. "दादा, दिवालिया होने के लिए थोड़ा पैसा पास में रखना पड़ता है," तो म्हणाला. त्याचं सगळं म्हणणं खरं होतं, हे मला चार वर्षांनी पटलं. त्या दिवशी मात्र एवढं फुकट सांगणाऱ्या माणसाला काही कळत नसणार, असं माझं मत झालं. आणि साहेबाला लेखी कळवण्यापेक्षा मी आगासाहेबांची काठी खाणं पत्करलं असतं.

म्हणून मी श्यामकांतनानांकडे गेलो आणि तिथे माझा घात झाला.

नानांचं घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात. त्यांनी महाराष्ट्र उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, त्यामुळे मराठी रीतिरिवाजांबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नसायची. त्यांचं बोलणंही आजोबांच्या वेळचं. "कोर्टकचेऱ्या हे इंग्रजांचें खूळ," नाना म्हणाले. "आपल्यांत दिवाळें दिवा लावून काढीत. माझ्या आजोबांनीं बडाबाजारांत डोळ्यांनीं पाहिलें आहे. पेढीवरची बैठक उलटी घालायची, भरदुपारीं दिवा लावायचा आणि मालकानें त्याच्यामागें मुकाट बसायचें. लोक समजतात. देणेंघेणें संपलें."

"किती दिवस?"

"सात. उंबरा ओलांडायचा नाहीं. बाहेरच्याशीं बोलायचें नाहीं. घरच्यांनीं कर्त्याविषयीं अवाक्षर काढायचें नाहीं. नवी वस्तू घरांत आणायची नाहीं. दिव्याचें तोंड दक्षिणेस. आणि एक लक्षांत ठेव, दिवा आपण शांत करायचा नाहीं. ज्याचें देणें सगळ्यांत मोठें त्यानें आपल्या हातानें करायचा."

"दक्षिणेकडे?" घरी हे ऐकून वृंदा म्हणाली. "अहो, दक्षिणेकडे तोंड करून दिवा माणूस गेल्यावर लावतात."

मी नानांना परत जाऊन विचारलं.  नानांचं वय ऐंशीच्या घरातलं. आजोबांनी सांगितलेल्या दोन वेगवेगळ्या दिव्यांची त्यांच्या डोक्यात सरमिसळ झाली असणार, असं आता मला वाटतं. पण नाना माघार घेणाऱ्यांतले नव्हते. "यमालाही कळायला नको का, कीं या घरांत वसुलीसारखें कांहीं उरलें नाहीं?" ते म्हणाले. मला ते पटलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर वात मिळाली होती.

मी सात दिवसांची रजा टाकली. कारण, 'घरगुती अडचण'. पितृपंधरवडा चालू होता. सोमवारी सकाळी वृंदानं तिच्या माहेरची वीतभर उंचीची समई घासली. नीलरतनबाबूंचा सल्ला लक्षात ठेवून तिनं मंगळसूत्र काढून फडक्यात बांधलं आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं. मग हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढायला घेतल्या. त्या वर्षानुवर्षं निघाल्या नव्हत्या. साबण लावून ओढताना त्यांच्यापुढच्या हिरव्या काचेच्या बांगड्या सगळ्या वाढवल्या. पाटल्या डब्यात गेल्या, काचेचे तुकडे उंबऱ्यात पडले. दुसऱ्या आणायच्या तर नानांचा नियम आडवा आला, नवी वस्तू सात दिवस घरात नाही. वृंदा त्या तुकड्यांकडे पाहत बसली आणि रडायला लागली.

"अगं, सातच दिवस," मी म्हणालो.

"तुमचे सात दिवस," ती म्हणाली, आणि तुकडे वेचायला लागली.

बरोबर बारा वाजता मी पुढच्या खोलीत सतरंजी उलटी घातली, दार सताड उघडं ठेवलं, समई लावली आणि मागे, मधल्या खोलीच्या पडद्याआड जाऊन बसलो. नाना म्हणाले होते दिव्यामागे बसायचं. पडद्याविषयी काही बोलले नव्हते. पडदा ही माझी सुधारणा.

भरदुपारी लावलेला दिवा कधी पाहिला आहे का? ज्योत दिसत नाही. ऊन सरळ आत आलेलं, समई नुसतीच उभी, आणि तिच्यावरची हवा तेवढी थरथरते. पलीकडची भिंत त्या हवेतून पाहिली तर तीही हलते. मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. रस्त्यावरून जाणारी माणसं दाराशी आली की आवाज खाली आणायची आणि पुढे गेली की पुन्हा बोलायला लागायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, नाना म्हणाले तेच खरं. लोक समजतात.

लोक समजले होते, पण भलतंच. नीलरतनबाबू त्याच सकाळी बर्दवानला सासुरवाडीला गेले होते. वर त्यांची म्हातारी आई एकटी होती. सगळी आळी तिला ठाकुमा, म्हणजे आजी, म्हणायची. ती मंगळवारी खाली आली. उंबऱ्यात काचेचा एक हिरवा तुकडा राहिला होता, तो तिनं उचलला. वृंदाच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. रिकाम्या गळ्याकडे पाहिलं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या दिव्याकडे पाहिलं.

"पांडेबाबू?" तिनं हळूच विचारलं. पांढरीपांडे हे आडनाव बेहाल्यात कोणालाच पुरतं उच्चारता आलेलं नाही.

कर्त्याविषयी अवाक्षर काढायचं नव्हतं. वृंदानं मान खाली घातली आणि दिव्याकडे बोट केलं. बांगड्यांच्या आठवणीनं तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ठाकुमानं तिला पोटाशी धरलं.

त्यानंतर घर विलक्षण शांत झालं. बुधवारी दूधवाल्यानं काही न विचारता दूध निम्मं केलं. पेपरवाला पेपर टाकायचा बंद झाला. तो मीच वाचत असे हे त्याला कसं ठाऊक होतं कोण जाणे. पितरांसाठी खिडकीत ठेवलेल्या भाताला कावळा शिवेना. तो गजावर येऊन बसायचा, भाताकडे नाही तर पडद्याकडे मान वाकडी करून पाहायचा आणि उडून जायचा. आळीतले लोक येऊन उलट्या सतरंजीवर बसत आणि माझ्याविषयी भूतकाळात बोलत.

मला बंगाली बोलता येत नसलं तरी समजतं. माणूस चांगला होता, असं सगळ्यांचं मत पडलं. जरा मंद होता, असंही पडलं. कोपऱ्यावरचा होमिओपॅथ म्हणाला की माझ्या चेहऱ्यावर त्यानं हे दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. पंधरा वर्षं नोकरी करून मला स्वतःच्या बुद्धीविषयी एवढं स्पष्ट मत कोणी ऐकवलं नव्हतं. मी उठून बाहेर येणारच होतो, तेवढ्यात ठाकुमा म्हणाली की तीन महिन्यांचं भाडं आता मागायचं नाही, ती मुलाला सांगेल.

मी परत खाली बसलो.

"अहो," सगळे गेल्यावर वृंदा पडद्याआड येऊन कुजबुजली, "यांना वाटतंय तुम्ही गेलात."

"माझ्या लक्षात आलंय."

"मग सांगा ना त्यांना."

"भाडं सोडलंय त्यांनी. एखाददोन दिवस थांबू."

तिनं माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही. त्या क्षणापासून ती माझं ताट वाढून पडद्याशी ठेवायला लागली, न बोलता. मी जेवायचो आणि ती ताट उचलून न्यायची. गुरुवारपर्यंत मला माझ्याच हातांकडे वारंवार पाहायची सवय लागली. घरात कोणी आपल्याशी बोलत नाही, बाहेर कोणी आपल्याला हाक मारत नाही, मग आपण आहोत हे कशावरून म्हणायचं? हा प्रश्न मी विनोदानं स्वतःला विचारला होता. पण थोड्या वेळानं मी फटीतून आलेल्या उन्हात हात धरून त्याची सावली पडते का ते पाहिलं.

आणि तेलाचं ते प्रकरण. बुधवारी घरातलं तेल संपलं. दुकानात तेलाला रांगा, त्यात नवी वस्तू आणायची नाही. वात दुपारपर्यंत जाईल असा माझा हिशेब होता. ती गेली नाही. गुरुवारीही गेली नाही. मला वाटलं वृंदा घालते, वृंदाला वाटलं मी घालतो. पुढे ठाकुमानं कबूल केलं की मेलेल्याचा दिवा विझू नये म्हणून तिनं दोनदा वाटीभर तेल ओतलं होतं, शुक्रवारी सकाळी आणि संध्याकाळी. बुधवार-गुरुवारचं मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, तेव्हा समई भरलेलीच होती.

शुक्रवारी आगासाहेब आले. उंबऱ्याशी थांबून त्यांनी समईकडे पाहिलं आणि जोडे काढले. गुरुदत्तनं कचेरीत बातमी पोचवली होती. माझ्यासाठी तीनशे बारा रुपये वर्गणी जमल्याचं नंतर कळलं, ती परत करायला मला दीड महिना लागला. आगासाहेबांनी डोळे मिटून ओठ हलवले. खिशातून माझी कर्जाची चिठ्ठी काढून चार तुकडे केले आणि सतरंजीवर ठेवले.

"बेटी, मरनेवाले का हिसाब ऊपरवाला करता है," ते वृंदाला म्हणाले आणि गेले.

सातशे रुपये फिटले. पडद्याआड मी मनातल्या मनात बेरीज केली, भाडं धरून नऊशे सत्तर. आता फक्त अठराशे. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात मला थंडी वाजत होती, ऑक्टोबरच्या दुपारी, कलकत्त्यात.

शनिवारी दुपारी मंदाकिनीबाई आल्या. बालीगंजहून दोन बसा बदलून, एकट्या, भिंतीला हात लावत. वृंदा धावत पुढे गेली. बाईंनी चाचपून सतरंजीवर बैठक मारली, वृंदाचा हात हातात घेतला आणि मनगटावरून अंगठा फिरवला. 

"कशानं गेला गं?"

वृंदा गप्प.

"बरं, नको सांगू. त्या पैशांचं मनात आणू नकोस. पाहिलं तेवढं पुष्कळ पाहिलं. आता दिसेल तेवढं दिसेल." त्यांनी कमरेची पिशवी उघडली, आत बोटांनी मोजून पाच नोटा काढल्या आणि वृंदाच्या मुठीत कोंबल्या. "पन्नास आहेत. तेराव्याला लागतील. आत्ता एवढेच आहेत माझ्याकडे."

मी फटीतून हे पाहत होतो. नोटा दहादहाच्या होत्या, घड्या पडलेल्या. वृंदाची मूठ उघडीच राहिली होती.

तेवढ्यात बाईंनी मान वर केली. त्यांना मोतीबिंदूमुळे माणसं दिसत नसत, पण दिवे दिसायचे. प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं असं त्या सांगत. त्या समईकडे पाहू लागल्या. त्या उन्हात आम्हा डोळसांना न दिसणारी ज्योत त्यांना दिसत होती.

"वृंदा," त्या म्हणाल्या, "दिव्यामागे कोण बसलंय?"

पडदा जाड होता. फट बोटभर. मी श्वास रोखून धरला.

"माधवच तो. कड्याच्या आत बसलाय, मान खाली घालून. चोरी सापडलेल्या मुलासारखा." त्यांच्या आवाजात भीती नव्हती, माया होती. "राहतात म्हणे काही दिवस घरातच, कशात तरी जीव अडकला की. माधवा, ऐकतोयस का? मी रागावलेली नाही. तुझं माझं काही देणंघेणं राहिलं नाही. जा बाबा आता तू."

हेच तर मला हवं होतं. साक्षीदारासमोर, स्पष्ट शब्दांत, फुकट. आणि ते शब्द कानावर पडताच मला खरोखर वाटलं की मी जायला लागलो आहे. पाय बधिर झाले होते. पलीकडची भिंत हलत होती. आणखी एक श्वास गप्प राहिलो तर हे सगळे म्हणतात ते खरं होईल आणि मला परत येता येणार नाही, याची मला लख्ख खात्री पटली. मी भ्यालो. उगाच कशाला दुसरं सांगू? सचोटी बिचोटी नंतरची.

पडदा बाजूला करून मी म्हणालो, "बाई, मी आहे."

दाराशी उभ्या असलेल्या ठाकुमाच्या हातातून तेलाची वाटी पडली आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"आहेस म्हणजे?"

"जिवंत आहे."

"नक्की?"

"नक्की."

बाईंनी हात पुढे केला. मी दिला. त्यांनी नाडी पाहिली, मग माझ्या बोटांवरून हात फिरवला, आणि वृंदाच्या मुठीतल्या नोटा मोजून परत पिशवीत ठेवल्या.

"मग अठराशे," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही आत्ताच म्हणालात..."

"ते मेलेल्याला म्हणाले. जिवंताला ते लागू नाही." तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई होत्या. "मेलेल्याला माफ करायला काही पडत नाही, माधव. तुला माफ करायचं तर मला रोज करावं लागेल. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

वृंदा उठून आत गेली. तांदळाच्या डब्यात तिनं कोपरापर्यंत हात घातला आणि पाटल्या आणून बाईंच्या मांडीवर ठेवल्या. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्या घरात माझ्या मताला अजून पुरता जीव आला नव्हता. पाटल्यांचे पुढे सहाशे आले, आणि डिसेंबरात बाईंच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. उरलेले बाराशे मी दरमहा पंचवीसप्रमाणे द्यायचे असं बाईंनी तिथल्या तिथे तोंडी मांडून दिलं. अठ्ठेचाळीस महिने.

"आणि हा दिवा?" मी विचारलं. "नाना म्हणाले, ज्याचं देणं सगळ्यांत मोठं त्यानं शांत करायचा."

"देणं फिटलंय का?"

"नाही."

"मग आत्ता कसा शांत करू? समई मी गहाण नेते."

आणि त्या ती पेटती समई घेऊन निघाल्या. मी त्यांना बसपर्यंत सोडायला गेलो. सहा दिवसांनी मी उंबरा ओलांडत होतो. आळीतली माणसं मला पाहून घरात जात होती. भरदुपारी एक आंधळी म्हातारी हातात दिवा धरून चालते आहे आणि तिच्यामागून मेलेला माणूस, हे दृश्य बेहाल्यानं पूर्वी पाहिलं नसावं. बस आली. कंडक्टर पायरीवरून बाजूला झाला. आतली माणसं बाकांवरून उठून उभी राहिली. बाई खिडकीशी बसल्या, ज्योतीला तळव्याचा आडोसा करून, आणि बस गेली.

नीलरतनबाबूंनी परत आल्यावर भाडं वसूल केलं, व्याजासकट. आगासाहेबांकडे मी स्वतः गेलो, पहिले वीस रुपये घेऊन. त्यांनी माझ्याकडे न पाहता काठीनं नोट बाजूला सारली. "मुर्दे से पैसा नहीं लेता," ते म्हणाले. पुढे कैक वर्षं एक तारखेला फाटकाशी ते सगळ्यांचा सलाम घेत आणि मी दिसलो की डोळे मिटून ओठ हलवत. सातशे रुपये वाचले, पण दर महिन्याला एकदा आपल्यासाठी केलेली प्रार्थना पाहत फाटकातून आत जाणं, हे ज्यानं केलं आहे त्यालाच कळेल. आळीतला चहावाला माझे सुटे पैसे हातात घेत नसे; फळीवर ठेवायला सांगे.

बालीगंजला मात्र मी न चुकता जायचो. महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारी बाराच्या सुमाराला. बाई पहिल्या मजल्यावर राहायच्या. गल्लीत शिरलं की त्यांची खिडकी दिसे, आणि काचेमागे समई तेवताना दिसे. भरदुपारी. पहिल्या खेपेला मला राग आला. गहाण वस्तू अशी लोकांना दाखवायची असते का? पुढे सवय झाली. वर गेल्यावर त्या खिडकीवर पडदा ओढलेला असे, आणि मीही विषय काढत नसे. बाई पंचवीस रुपये घेऊन वहीत लिहीत, चहा देत, नवीन डोळ्यानं माझी कॉलर स्वच्छ आहे का ते पाहत. एकदा वृंदा सोबत होती, तेव्हा मी खालून बोट दाखवलं. "काचेवर ऊन पडलंय," ती म्हणाली. तिला लांबचं जरा कमी दिसतं, असं मी धरून चाललो.

अठ्ठेचाळिसावा महिना अठ्ठ्याहत्तरच्या ऑक्टोबरात आला. बाईंनी शेवटचे पंचवीस मोजले, वहीत आडवी रेघ मारली आणि वही मला दिली.

"बाई, आता तेवढा दिवा शांत करा," मी म्हणालो.

"कुठला दिवा?"

"समईतला. खिडकीतला."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली समई काढली. कागद पिवळा पडला होता. त्यावर चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरातली तारीख होती. आत समई काळवंडलेली, आणि वातीचा कोरडा काळा तुकडा तळाला चिकटलेला.

"तो तर त्याच दिवशी गेला," त्या म्हणाल्या. "बस सुटली आणि पहिल्याच वळणावर वाऱ्यानं गेला. लोक उभे राहिले होते, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तशीच हाताचा आडोसा धरून बसले, बस बदलेपर्यंत. चार वर्षं तेल कोण घालणार, माधव? समई गहाण ठेवली होतीस, तेलाचं ठरलं नव्हतं."

मी खिडकीशी गेलो आणि पडदा सारला. कठड्यावर धूळ होती. धुळीवर एकही खूण नव्हती.

समई काखेत मारून मी खाली आलो. गल्लीच्या टोकाशी सवयीनं मागे वळून पाहिलं. दुपारचे सव्वाबारा वाजले होते, ऊन मी म्हणत होतं, आणि त्या खिडकीत मला पहिल्यांदाच अंधार दिसला. हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. चार वर्षं कोणीतरी माझी वाट पाहत जागं होतं आणि आता झोपलं, असं वाटलं, आणि बसमध्ये मला रडू आलं.

घरी वृंदानं वही पाहिली, मग समई घेतली, चिंच लावून लख्ख घासली आणि देवापुढे ठेवली. वात वळून, तेल घालून तिनं काडेपेटी हातात घेतली.

"लावू?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजले होते.

"अंधार पडू दे," मी म्हणालो.